बडोद्यात इलेक्ट्रिक गाडी: चार्जिंग, देखभाल आणि लीज – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दांडिया बाजार असो, वाडी असो, मांजलपूर, गोत्री किंवा कारेलीबाग असो, इलेक्ट्रिक गाडी घ्यायचा विचार करणारी मराठी घरं थोड्याफार फरकाने हेच प्रश्न विचारतात. इथली उत्तरं बडोद्याचा उन्हाळा, विश्वामित्री नदीचं पाणी, इथलं लाइटबिल आणि मुंबई-पुण्याकडची आपली ये-जा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. पैशांचे आकडे हिशेब कसा मांडायचा हे कळावं म्हणून दिले आहेत. दर बदलले की तुमचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा मांडा.

आधी काय ठरवायचं, मॉडेल की बजेट?

दोन्ही नंतर. आधी गाडी रात्री कुठे उभी राहणार आणि तिथे स्वतःच्या मीटरची वायर पोहोचते का, हे ठरवा. बाकी सगळं यावर अवलंबून आहे, आणि हे मी आग्रहाने सांगतो, कारण शोरूममध्ये हा प्रश्न सगळ्यात शेवटी निघतो.

हिशेब बघा. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक कार शहरात भिंतीच्या सॉकेटमधून घेतलेल्या एका युनिटवर साधारण ६ किलोमीटर जाते. इंधन-अधिभार आणि वीज-शुल्क धरून घरचं युनिट साडेसात रुपयांना पडलं, तर किलोमीटरला सव्वा रुपया. तीच गाडी बाहेरच्या फास्ट चार्जरवर भरली, तर युनिटला १८ ते २० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे किलोमीटरला साडेतीन ते चार रुपये. आता सीएनजी: ८० रुपये किलो आणि किलोला २४ किलोमीटर धरले तर ३ रुपये ३३ पैसे. ९५ रुपये लिटरचं पेट्रोल आणि १५ चा अ‍ॅव्हरेज धरला तर सव्वासहा रुपयांच्या वर.

म्हणजे घरी चार्जिंग असेल तर इलेक्ट्रिक गाडी सीएनजीच्या निम्म्याहूनही कमी खर्चात चालते. घरी सोय नसेल तर ती सीएनजीच्या बरोबरीला येते, आणि वर चार्जरवर ताटकळण्याचा वेळ जातो. गुजरातमध्ये सीएनजीचे पंप जागोजागी आहेत, त्यामुळे आपल्याकडे तुलना पेट्रोलशी नाही, सीएनजीशी करायला हवी.

आम्ही जुन्या शहरात, वाड्यात राहतो. गाडी रस्त्यावर लागते. मग नाहीच का घ्यायची?

कार असेल तर आज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडून रस्त्यावरची गाडी चार्ज करणं धोक्याचं आहे. पाऊस, जाणारी-येणारी माणसं, कुरतडणारे उंदीर आणि वाड्याचं तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं वायरिंग, यातलं काहीच आपल्या हातात नसतं.

तीन वाटा मात्र आहेत. कामाच्या ठिकाणी चार्जिंग असेल तर घरी नसलं तरी निभतं, कारण गाडी तिथे आठ तास उभीच असते. दुसरी वाट जवळच्या नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या बंद पार्किंगमध्ये स्वतंत्र मीटर घेण्याची. तिसरी, आणि जुन्या शहराला सगळ्यात सोयीची, काढता येणाऱ्या बॅटरीची स्कूटर. बॅटरी वर घरात न्यायची, चार्ज करायची. फक्त ती उचलून बघा, बरीच जड असते. घरात जिना चढणारं माणूस सत्तरीचं असेल तर हा विचार आधी करा.

सोसायटीचे चेअरमन परवानगी देत नाहीत. कायदा काय म्हणतो?

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार ग्राहकाला इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. त्याच दुरुस्तीत नव्या कनेक्शनची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका हद्दींत ७ दिवस आणि ग्रामीण भागात १५ दिवसांवर आणली. आपल्याकडे अर्ज मध्य गुजरात वीज कंपनीकडे, म्हणजे एमजीव्हीसीएलकडे करायचा.

पण हक्क आहे म्हणून भांडत जाऊ नका. चेअरमनच्या मनात बहुतेक दोन गोष्टी असतात: सोसायटीच्या कॉमन मीटरवर बिल पडेल, आणि आग लागेल. दोन्हींची उत्तरं कागदावर घेऊन जा. वायर माझ्या स्वतःच्या मीटरवरून येईल, तिला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट ओढला गेला की लाइन तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) असेल, काम परवानाधारक वायरमन करेल आणि त्याचा टेस्ट रिपोर्ट सोसायटीला देईन. वायर कुठून कशी जाणार याचा छोटा नकाशाही जोडा. मीटर-रूमपासून तुमच्या पार्किंगपर्यंत पन्नास मीटर अंतर असेल तर जाड केबलचा खर्च चांगलाच वाढतो, तोही आधीच काढून ठेवा.

एक सुचवणं. सोसायटीत एकाने विषय काढला की आणखी दोघे-तिघे निघतातच. सगळ्यांनी एकदमच सर्वसाधारण सभेत विषय आणला तर केबल-ट्रे एकच लागते आणि सेक्रेटरीलाही दर सहा महिन्यांनी तोच वाद ऐकावा लागत नाही.

घरी नेमकं काय बसवून घ्यायचं?

बहुतेक घरांना गाडीबरोबर मिळणारा पोर्टेबल चार्जर आणि एक चांगला १६ अँपिअरचा सॉकेट पुरतो. ३० युनिटची बॅटरी रिकामी असली तरी रात्री नऊला लावली की सकाळी सातपर्यंत भरते. आणि ती रोज रिकामी होतच नाही. बडोद्यात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन परत आलात तरी पाच-सहा युनिटच खर्च होतात.

हा सॉकेट मात्र गीझरच्या किंवा एसीच्या लाइनवरून काढायचा नाही. मेन बोर्डापासून स्वतंत्र लाइन, वायर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची, स्वतःची एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, शक्यतो टाइप ए. कारण गाडीचा चार्जर आत घरच्या एसी करंटचा बॅटरीला लागणारा डीसी करंट करतो आणि साधी आरसीसीबी त्यातले काही दोष ओळखत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नको. इस्त्री पाच मिनिटं चालते, चार्जर आठ तास सलग पूर्ण करंट ओढतो. सैल सॉकेट तेवढ्या वेळात वितळतो.

अर्थिंगबद्दल जरा थांबून सांगतो, कारण नव्या गाडीच्या पहिल्या रात्री सगळ्यात जास्त फोन याच कारणाने येतात. चार्जर लावला, लाल दिवा लागला, चार्जिंग सुरूच होत नाही. गाडी बिघडली असं वाटतं, पण बहुतेक वेळा घराच्या अर्थिंगला दोष असतो. अर्थिंग नीट नसेल तर अनेक चार्जर मुद्दामच चालू होत नाहीत, आणि ते बरोबर आहे. जुन्या बंगल्यांत अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो. गाडी यायच्या आधी वायरमनला मीटर घेऊन बोलवा आणि न्यूट्रल-अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा. गरज पडली तर नवा खड्डा करून घ्या.

७.२ किलोवॉटचा भिंतीवरचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो. त्यासाठी ६ चौरस मिलिमीटरची वायर लागते आणि बहुधा मंजूर लोडही वाढवावा लागतो, म्हणजे दर महिन्याचा स्थिर आकारही वाढतो. घरात दोन इलेक्ट्रिक कार असतील किंवा रोज दीडशे किलोमीटर फिरणं असेल तरच तो घ्या.

लाइटबिल किती वाढेल? छतावर सोलर आहे, त्याचा उपयोग होईल का?

महिन्याला १,००० किलोमीटर म्हणजे साधारण १६५ युनिट. वरच्या स्लॅबमध्ये जाणं धरून सव्वाबाराशे-तेराशे रुपयांची वाढ मनात धरा.

सोलर असेल तर दुधात साखर. एक किलोवॉटचं पॅनल आपल्याकडे दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, म्हणजे एवढ्या फिरण्याला दीड किलोवॉटसुद्धा लागत नाही. गाडी रात्री चार्ज झाली तरी चालतं, कारण नेट मीटरिंगमध्ये दिवसा ग्रिडला दिलेली वीज हिशेबात वळती होते. सोलर अजून बसवायचं असेल तर गाडीचा वापर धरूनच क्षमता ठरवा. पीएम सूर्य घर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यापुढे ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे.

घरच्या इन्व्हर्टरवर मात्र गाडी लावू नका. तो पंखे-दिव्यांसाठी असतो.

मे महिन्यात ४२-४३ डिग्री असतं. बॅटरीचं काय होतं?

उष्णता बॅटरीचं आयुष्य कमी करते, हे खरं आहे. पण सगळ्यात जास्त त्रास होतो तो पूर्ण भरलेली गाडी भर उन्हात दिवसचे दिवस उभी ठेवल्याने. सुट्टीत महिनाभर पुण्याला जाणार असाल तर गाडी ५०-६० टक्क्यांवर ठेवून सावलीत लावा.

दुपारी फिरून आल्याआल्या लगेच चार्जिंगला लावू नका. रात्री जेवणं झाल्यावर लावा. बॅटरीही निवलेली असते आणि पंख्याचा आवाजही कमी होतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी उष्णता जास्त सोसते आणि तिला अधूनमधून १०० टक्के भरणं गरजेचंही असतं, म्हणजे उरलेला चार्ज किती हे गाडीला नीट कळतं. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) प्रकारची असेल तर रोज ८०-९० टक्क्यांवर थांबा आणि लांब जायच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरा. आपली कुठली आहे ते मॅन्युअलमध्ये असतं. नसेल तर घेतानाच लेखी विचारा.

एसीने रेंज कमी होते का? होते. संध्याकाळी मंगळबाजाराच्या गर्दीत गाडी तासभर रांगत असेल तर चालण्यापेक्षा थंड करण्यातच बरीच वीज जाते. तरीही रोजच्या वापरात त्याची काळजी करण्याचं कारण नाही.

विश्वामित्रीला पूर आला तर?

बडोद्यात राहणाऱ्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात नदी ३५ फुटांच्या वर गेली आणि समा, सयाजीगंज, फतेगंज, अकोटा अशा भागांतल्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या तेव्हा किती गेल्या हे शहराने पाहिलं आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला बहुधा आयपी६७ प्रमाणपत्र असतं. त्याचा अर्थ एवढाच की चाचणीत १ मीटर स्थिर, स्वच्छ पाण्यात ३० मिनिटं ठेवल्यावर पाणी आत गेलं नाही. पुराचं पाणी वाहतं असतं, गाळाचं असतं आणि दोन-दोन दिवस ओसरत नाही. रस्त्यावर साचलेल्या घोटाभर पाण्यातून गाडी हळू नेणं वेगळं आणि बेसमेंटमध्ये ती बुडून राहणं वेगळं.

म्हणून पावसाळ्याआधी उंचावरची एक जागा ठरवून ठेवा. आजवा सरोवरातून नदीत पाणी सोडल्याची बातमी आली की घाई सुरू होण्याआधी गाडी तिथे न्या. पावसाळ्यात बॅटरी ४० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, म्हणजे लाइट गेली तरी गाडी हलवता येते. तळमजल्याचा चार्जिंग सॉकेट छातीच्या उंचीवर बसवा आणि पाणी चढायची शक्यता दिसली की त्याची एमसीबी वरूनच बंद करा.

गाडी बुडालीच तर ती चालू करून बघू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. पाणी ओसरल्यावर दिसायला सगळं ठीक असलं तरी आत ओल राहून काही दिवसांनीही शॉर्ट होऊ शकतं, त्यामुळे अशी गाडी घराला चिकटून उभी ठेवू नका. फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, आणि गाडी चारही चाकं उचलणाऱ्या फ्लॅटबेडवरूनच सर्व्हिस सेंटरला न्या. चालवणारी चाकं जमिनीवर घासत ओढली की मोटर फिरते आणि वीज तयार होते.

विम्याचं कलम आत्ताच उघडून वाचा. नुसता थर्ड पार्टी विमा पुराचं काही देत नाही. सर्वंकष विमा हवा आणि त्यात बॅटरीसाठी वेगळं अ‍ॅड-ऑन हवं, ज्यात पाणी शिरून झालेलं नुकसान आणि चार्जर दोन्ही धरलेले आहेत. कारच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीचाच असतो. तिथे हजार-दोन हजार वाचवण्यात अर्थ नाही.

कंपनी ३०० किलोमीटर सांगते. खरी रेंज किती?

शहरात सांगितलेल्याच्या ७० ते ८० टक्के. एक्स्प्रेसवेवर शंभरच्या वेगाने एसी लावून गेलात तर ६० टक्क्यांच्या आसपास, कारण वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो. ऐंशी-नव्वदने गेलात तर फरक तुम्हाला स्वतःला दिसेल.

मुंबई-पुण्याला घेऊन जाता येते का?

येते, फक्त आधी ठरवून. मुंबई साधारण ४०० किलोमीटर. भरूच, सुरत, वापी, मनोर या पट्ट्यात हायवेच्या हॉटेलांवर आणि पंपांवर फास्ट चार्जर आहेत. निघताना १०० टक्के, सुरत-नवसारीच्या आसपास पहिला थांबा, वापीच्या पुढे दुसरा. प्रत्येक ठिकाणी २० वरून ८० टक्क्यांवर जायला पाऊण ते एक तास धरा. ८० च्या पुढे गाडी स्वतःच वेग कमी करते, तिथे वेळ घालवण्यापेक्षा निघावं आणि पुढच्या थांब्यावर भरावं.

नेहमी गाडी २५ टक्क्यांवर असतानाच चार्जर गाठा. तो बंद निघाला तर पुढचा गाठण्याइतकी वीज हाताशी असली पाहिजे. अ‍ॅपमध्ये हिरवा दिसणारा चार्जर जागेवर बंद असतो, किंवा त्याच्यासमोर डिझेलची गाडी लावून मंडळी जेवायला गेलेली असतात. म्हणून निघण्याआधी तिथे फोन करा. वेगवेगळ्या कंपन्यांची तीन-चार अ‍ॅप घरच्या वाय-फायवरच उघडून, नोंदणी करून, थोडे पैसे टाकून ठेवा. हायवेवर ओटीपीची वाट बघत बसणं नको. पैसे जास्त टाकू नका, वॉलेटमध्ये अडकून पडतात.

गणपतीला आणि दिवाळीच्या सुट्टीत सगळेच एकदम निघतात. त्या दिवसांत पहाटे चारला निघा किंवा गर्दीच्या एक दिवस आधी. पुण्याला जायचं तर खंडाळ्याचा घाट चढताना टक्के भराभर उतरतात, त्यामुळे पायथ्याशी ४० टक्के हवेत. परतताना उतारावर थोडी वीज बॅटरीत परत येते.

गरुडेश्वर, नारेश्वर, पावागढ एका चार्जमध्ये होतं का?

होतं. नारेश्वर साठेक किलोमीटर, पावागढचा पायथा पन्नासेक. गरुडेश्वर आणि पुढे केवडिया मिळून जाऊन-येऊन १८० च्या आसपास. छोट्या बॅटरीच्या कारला ते काठावरचं आहे. दर्शनाला वेळ लागतोच, तेवढ्यात केवडियाच्या बाजूला चार्जिंगची सोय पाहून ठेवा किंवा परतताना डभोईच्या रस्त्याने वेग कमी ठेवा. टेंबेस्वामींच्या समाधीला घरातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जाताना टक्क्यांकडे बघत बसायची वेळ येऊ नये, एवढं बघा.

स्कूटर घ्यायची आहे. वेगळं काही?

हिशेब अगदी सोपा. एका युनिटला ३० किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला पंचवीस पैसे. पेट्रोलच्या स्कूटरला दोन रुपये. साध्या सॉकेटवर चार्ज होते.

२५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग असलेल्या स्कूटरला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. पण दुकानदार वेगमर्यादा काढून देतो म्हणाला तर तिथून घेऊ नका. अपघात झाला तर ती विनानोंदणीची, विनाविम्याची गाडी ठरते. आणि हो, अहमदाबादच्या ९३ किलोमीटरच्या एक्स्प्रेसवेवर दुचाकीला प्रवेश नाही. आणंद-नडियादच्या जुन्या हायवेनेच जावं लागतं.

‘बॅटरी भाड्याने, गाडी स्वस्तात’ म्हणतात ते काय आहे? फायद्याचं आहे का?

गाडीची किंमत बॅटरी वगळून द्यायची आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरप्रमाणे. आपल्या शेजारच्या हालोलला, जनरल मोटर्सच्या जुन्या कारखान्यात तयार होणारी एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये आली ती याच योजनेसह: ९ लाख ९९ हजार अधिक किलोमीटरला साडेतीन रुपये. बॅटरीसकट घेतली तर तेव्हा किंमत साडेतेरा लाखांपासून होती. दुचाकींत हीरोच्या विडा व्हीएक्स२ ने २०२५ मध्ये ९६ पैसे किलोमीटरने तीच पद्धत आणली.

आता आकडे मांडू. फरक साडेतीन लाखांचा, भाडं साडेतीन रुपये. म्हणजे १ लाख किलोमीटर झाले की बॅटरीची पूर्ण किंमत भाड्यातच गेलेली असते. व्याज सोडून बोलतोय, ते धरलं तर सीमा थोडी पुढे सरकते. त्याच्या आत गाडी विकणार असाल किंवा फिरणं कमी असेल, तर योजना बरी वाटते.

पण मेख किमान किलोमीटरच्या अटीत आहे. समजा करारात महिन्याला किमान १,५०० किलोमीटरचं भाडं धरलेलं आहे आणि तुमचं फिरणं ८०० आहे. तरी ५,२५० रुपये जाणारच. तुमच्यापुरता बॅटरीचा दर किलोमीटरला साडेसहा रुपयांच्या वर गेला, आणि त्यावर विजेचा सव्वा रुपया. ज्या कमी फिरणाऱ्या माणसाला ही योजना सोयीची वाटते, त्यालाच ती सगळ्यात महाग पडते. बडोद्यात ऑफिस-घर-भाजी एवढंच फिरणाऱ्या कुटुंबाचे महिन्याला ८०० किलोमीटरही होत नाहीत.

सही करण्याआधी हे लेखी घ्या: किमान अट किती, भाडं किती वर्षांनी आणि किती वाढणार, ठरलेल्या मुदतीनंतर बॅटरी कोणाची, मधेच गाडी विकली तर राहिलेलं भाडं कोण देणार, दोन हप्ते थकले तर गाडी दूरवरून बंद करण्याचा अधिकार त्यांना आहे का. गाडीचं कर्ज एका संस्थेचं आणि बॅटरीचं दुसऱ्या संस्थेचं असेल तर विक्रीच्या वेळी ना-हरकत दोघांचीही लागते.

पूर्ण गाडीच लीजवर घ्यावी का?

बदलीची नोकरी असेल तर जरूर विचार करा. कोयलीची रिफायनरी, ओएनजीसी, मोठ्या इंजिनिअरिंग कंपन्या यांत काम करणाऱ्या बऱ्याच जणांना तीन-चार वर्षांनी गाव बदलावं लागतं. लीजमध्ये महिन्याच्या भाड्यात बहुधा विमा आणि सर्व्हिसिंगही असतं, मुदत संपली की गाडी परत. बॅटरीचं तंत्र झपाट्याने बदलतंय, चार वर्षांनी आजच्या गाडीला काय भाव येईल याची चिंता लीज देणाऱ्याची. माझ्या मते लीजचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

एका जागी दहा वर्षं राहणाऱ्याने मात्र गाडी विकतच घ्यावी. लीजची दहा वर्षांची भाडी जोडून बघा, उत्तर आपोआप मिळेल.

करारात तीन ठिकाणी नीट बघा. वर्षाला किती किलोमीटर चालतात आणि वरच्या प्रत्येक किलोमीटरला किती दंड. परत देताना ओरखडे-पोचे कुठवर ‘सामान्य झीज’ धरणार. मुदतीआधी सोडली तर किती महिन्यांचं भाडं भरायचं. या तिसऱ्या कलमातच बहुतेक लोक अडकतात, कारण नोकरी सुटली तरी करार सुटत नाही.

कंपनीमार्फत पगारातून लीज असेल तर करात बचत होते, पण पगाराच्या रचनेप्रमाणे ती बदलते. तुमच्या सीएला पगाराची स्लिप आणि लीजचं कोटेशन दोन्ही दाखवा. आणखी एक: लीजची गाडी अनेकदा दुसऱ्या राज्यात, लीज कंपनीच्या नावावर नोंदलेली असते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथली नोंदणी घ्यावी लागते. म्हणून जीजे-०६ ची, म्हणजे बडोद्यात नोंदलेली गाडी देणार का, हे पहिल्याच भेटीत विचारा. घरच्या चार्जरचा खर्च लीजमध्ये धरला आहे का, तेही.

सबसिडी आणि कर?

जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के. केंद्राची पीएम ई-ड्राइव्ह योजना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात दुचाकी-तीनचाकींना सवलत मिळाली, खासगी कारला नाही. गुजरातचं २०२१ चं धोरण चार वर्षांसाठी होतं. राज्याने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात इलेक्ट्रिक गाड्यांचा वाहनकर वर्षभरासाठी ६ वरून १ टक्क्यावर आणला. अशा सवलतींना तारखा असतात, त्यामुळे कोटेशनवर कोणता कर लावला आहे ते आरटीओकडे पडताळा. कर्जाच्या व्याजावरची दीड लाखापर्यंतची, आयकराच्या ८०ईईबी कलमाची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. विक्रेता आजही ती सांगत असेल तर ऐकू नका. थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट मात्र आहे.

आग लागते म्हणतात, खरं का?

२०२२ मध्ये दुचाकींना आगी लागल्या. त्यानंतर एआयएस-१५६ या मानकात बॅटरीच्या चाचण्या कडक केल्या आणि त्या डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ पासून दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्यानंतरची, प्रमाणित बॅटरीचीच गाडी घ्या. बाहेरून स्वस्तात जुळवून दिलेला पॅक किंवा दुसऱ्या गाडीचा चार्जर कधीही वापरू नका. आणि चार्जिंग जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या एकमेव दारासमोर नको, मग ती काढता येणारी बॅटरी असली तरी. वाड्यांचे जिने लाकडी असतात.

जुनी इलेक्ट्रिक कार मिळतेय. काय बघायचं?

बॅटरीच्या तब्येतीचा रिपोर्ट अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून, तुमच्यासमोर काढलेला. वॉरंटी बहुधा ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. त्यातली किती उरली ते बघा. ‘लाइफटाइम’ वॉरंटी अनेकदा पहिल्याच मालकापुरती असते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये गाडी कुठे उभी होती ते विचारा, सीटखालचा गालिचा उचलून गाळ दिसतो का बघा आणि विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा. बॅटरी भाड्याची असेल तर तो करार तुमच्या नावावर होणार का, हे पैसे देण्याआधी.

बॅटरी संपली की तिचं काय करायचं?

भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. अधिकृत सर्व्हिस सेंटरला द्या आणि पावती घ्या. बॅटरी बदलायची वेळ आली तर आधी विचारा, पूर्ण पॅक बदलायचा की फक्त खराब मॉड्यूल, म्हणजे पॅकमधला एक भाग. खर्चात फार मोठा फरक पडतो, आणि मॉड्यूल बदलून काम होत असेल तर तसं कोटेशन लेखी मागा.